वरच्या खोलीची साफसफाई

२ मार्च, सोमवार

दैनंदिनी लिहिणाऱ्या माणसांबद्दल माझं मत कधीच बरं नव्हतं. दिवसभर जे केलं तेच संध्याकाळी पुन्हा लिहीत बसायचं, म्हणजे नसती उठाठेव. निवृत्त झाले तेव्हा मुलींच्या संघाने ही वही भेट दिली, ती कपाटात तशीच पडून होती. आज काढली. कारण आज एक गोष्ट कुणाला तरी सांगायलाच हवी, आणि ज्याला मी सगळं सांगते नेमकं त्यालाच ती सांगता येत नाही.

धाकटा जाणार म्हणतोय.

धाकटा म्हणजे माझा भाऊ. सेहेचाळीस वर्षांचा घोडा झालाय, पण मला धाकटाच. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करतो. त्याचे मालक दुसऱ्या शहरात मोठं दुकान काढतायत. तिथलं सगळं तू सांभाळ म्हणाले, महिनाअखेर काय ते कळव. हे त्याने मला जेवताना सांगितलं, मीठ दे म्हणावं इतक्या सहज. मी म्हटलं, "छान की!" आणि पुढचा घास काही केल्या गिळेना.

आईवडील गेले तेव्हा हा शाळेत होता आणि मी नुकती खेळाची बाई म्हणून नोकरीला लागले होते. तेव्हापासून या घरात आम्ही दोघं. रोज भांडतो, पण जेवायला समोरासमोर बसतो. तो गेला तर त्या टेबलाशी मी एकटी. मला भीती वाटतेय. घ्या, लिहून टाकलं. पण त्याला "जाऊ नकोस" म्हणणार नाही. मेले तरी म्हणणार नाही. त्याचं भलं होत असेल तर मी कोण आडवी येणार?

आडवी येणार नाही, पण हातावर हात धरूनही बसणार नाही.

३ मार्च, मंगळवार

माणूस घर का सोडतो? घर सोडण्यासारखं झालेलं असतं म्हणून. आज सकाळी आमच्या घराकडे परक्या नजरेनं पाहिलं आणि माझी मलाच लाज वाटली. पडवीत सायकलींचे सांगाडे. जिन्याखाली काय आहे ते आता कुणालाच ठाऊक नाही. आणि वरची खोली! दोन्ही बाजूंनी खिडक्या, घरातला सगळ्यात चांगला उजेड तिथे, आणि तिथे राहतं कोण? शाळेतून आणलेले फुटके फुटबॉल, तुटक्या डंबेल्स आणि रद्दी. धाकटा बिचारा खालच्या खोलीत, जिची खिडकी शेजारच्या भिंतीला नाक लावून उभी आहे. दिवसभर काचांत डोळे घालणारा माणूस घरी येऊन अंधारात बसतो. जाईल नाही तर काय करेल?

ठरलं. महिनाअखेरपर्यंत सगळं घर लख्ख करायचं आणि वरची खोली त्याला द्यायची. मग बघू कसा जातो ते.

मावसभावाला फोन करून सांगितलं तर तो खो खो हसला. म्हणाला, "ताई, तुझ्या घरातली धूळ वयानं माझ्यापेक्षा मोठी आहे. तिला जरा मान दे."

"महिनाभरात घर आरशासारखं नाही केलं तर नाव बदलीन," मी म्हटलं.

"काय ठेवशील?"

फोन आपटला.

५ मार्च, गुरुवार

फौज जमली. फार मोठी नाही, पण मी कमी खेळाडूंवर सामने जिंकलेत.

मावसभाऊ येणार. त्याची बेकरी आहे. लहानपणी काडीसारखा होता म्हणून पावशेर नाव पडलं. नाव तेच राहिलं, माणूस चौपट झाला. त्याच्या गाडीतून भंगार हलवता येईल. त्याची आई, माझी मावशी, तीही येणार. तिचे गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे. ती खुर्चीत बसून देखरेख करणार म्हणे. आणि सुई.

सुई माझी मैत्रीण. मागच्या गल्लीत एका खोलीत शिवणकाम करते. शाळेच्या संघांचे कपडे वर्षानुवर्षं तिनेच शिवले. अंगानं बारीक, चालायला सरळ आणि बोलायला टोचरी, म्हणून सुई. नवऱ्याशी पटलं नाही तेव्हा एक मशीन उचलून बाहेर पडली, ती आजतागायत कुणाचं ऐकून घेत नाही. तिच्या खोलीत दिवसाही दिवा लावावा लागतो. ती म्हणाली, "बाई, पडदे माझ्याकडे लागले. खिडक्यांची मापं घ्यायला येते."

धाकट्याला हे सगळं सांगितलं. रविवारी तो मित्राकडे जाणार होता. पडदे सुई शिवणार हे ऐकून म्हणाला, "मित्राचं काय, पुढच्या वेळी जाईन. घरचं काम आधी."

मला इतकं बरं वाटलं! म्हणजे घराची ओढ आहे अजून पोराला.

८ मार्च, रविवार

पहिला दिवस. सगळ्यांना अंगणात रांगेत उभं केलं आणि नियम सांगितला: वर्षभरात जिला हात लागला नाही ती वस्तू घराबाहेर. मावशी खुर्चीतून म्हणाली, "मग मलाच आधी काढा. वर्षभरात माझ्या गुडघ्यांना कुणी हात लावला नाही." पावशेर हसत सुटला आणि रांग मोडली. या माणसांना शिस्त म्हणून नाही.

धाकटा इस्त्रीचा शर्ट घालून आला, दाढी करून. जळमटं काढायला! मी म्हटलं, "अरे, फोटो काढायचेत का?" तर कानापर्यंत लाल झाला. जुने कपडे घाल म्हटलं तर ऐकेना. काम मात्र हवं म्हणाला वरच्या खोलीतलंच. सुईही मापं घ्यायला वरच होती, म्हणून रद्दी बांधायचं काम त्या दोघांना दिलं.

इथे माझा अंदाज चुकला. खाली आम्ही जिन्याखालचा ढिगारा उपसतोय, पावशेर शिंकून शिंकून बेजार झालाय, आणि वरून हसण्याचे आवाज. शेवटी वर जाऊन पाहिलं. रद्दीचा एक गठ्ठा बांधून झालेला. एक! हा जुन्या पेपरातली हरवलेल्या पोपटाची जाहिरात वाचून दाखवतोय, अगदी पोपटाच्या आवाजात, आणि ती खिडकीत बसून हसतेय. हसता हसता तिचा चष्मा पडला. त्यानं तो उचलला, काड्या सरळ केल्या, शर्टाला पुसला, आणि मग परत देताना जितका वेळ लावला तेवढ्यात मी दहा चष्मे दिले असते.

"कामाच्या वेळी काम," मी म्हटलं.

"हो बाई," दोघं एका सुरात म्हणाले.

एवढं करून सुईनं खिडकीचं माप घेतलंच नाही. राहिलं म्हणे. पुन्हा येते म्हणे.

९ मार्च, सोमवार

पाठ धरली. दिवसभर आडवी.

१२ मार्च, गुरुवार

सुई संध्याकाळी मापं घ्यायला आली. धाकटा घरात होता, त्यानं टेपचं दुसरं टोक धरलं. खिडकी केवढी, वेळ केवढा! मी खालून हाक मारली तर सुई म्हणाली, "बाई, माप चुकलं, पुन्हा घेतोय." इतक्या वर्षांत माझ्या संघाच्या एकाही मुलीचा शर्ट हिनं अर्ध्या बोटानं चुकवला नाही आणि आमच्या खिडकीपाशी येऊन गडबडते. वय झालं बहुतेक. डोळेही तपासून घे म्हणून सांगायला हवं.

बडबडी जोडी वर्गात असली की एकच उपाय असतो. एकीला या टोकाला बसवायचं, दुसरीला त्या टोकाला. माझ्या सगळ्या नोकरीत हा उपाय कधी फसला नाही. रविवारी तोच करणार.

१५ मार्च, रविवार

केलं. सुई माझ्याबरोबर स्वयंपाकघरात, धाकटा पावशेरबरोबर पडवीत. दोघांची तोंडं उतरली, पण कामाला लगेच वेग आला. वरच्या फळीवरचे डबे उतरवले, घासले, उन्हात घातले. एका डब्यात दगड झालेली साखर निघाली, ती पावशेरनं "बेकरीत चालेल" म्हणून नेली. देवा, त्याच्याकडचे केक आता जपून खायला हवेत.

धाकटा मात्र सारखा पाणी प्यायला आत. एकदा, दोनदा, किती वेळा! पडवीत ऊन लागतं, तहान लागणारच. म्हणून मी मोठी बाटली भरून त्याच्या शेजारी नेऊन ठेवली. फेऱ्या वाचल्या. सुई म्हणाली, धुतलेले डबे मी बाहेर नेऊन ठेवते. मी म्हटलं, तू कशाला ओझी उचलतेस, आणि पावशेरला हाक मारली. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी पेनल्टी उलट्या बाजूच्या गोलात मारलीय. "ताई, तू धन्य आहेस," म्हणाला. चला, कुणाला तरी माझ्या नियोजनाची कदर आहे.

एक गोष्ट मात्र खटकली. जाताना धाकटा सुईला म्हणाला, "जपून जा, कोपऱ्यावर खणून ठेवलंय, तुला दिसायचं नाही." तुला! माझ्या मैत्रिणीला! ती गेल्यावर त्याला बाजूला घेऊन चांगलं दटावलं. "परक्या बाईला अरेतुरे करतोस? हे वळण लावलं का मी तुला?" तो काहीतरी बोलणार होता, मग म्हणाला, "चुकलं ताई." खरं तर मला वाईटच वाटलं. पण वळण म्हणजे वळण.

मावशी खुर्चीतून सगळं ऐकत होती. मला म्हणाली, "अगं, तू घर झाडतेयस की घरातली माणसं?" तिला हल्ली काहीतरीच सुचतं.

१८ मार्च, बुधवार

पडवी रिकामी, जिन्याखालची जागा रिकामी, स्वयंपाकघर चकाचक. पावशेरची गाडी भरभरून गेली. अर्थात भंगारात काही गेलं नाही, सगळं बेकरीच्या मागे मांडून ठेवलंय असं मावशीनं फोडलं. "टाकवत नाही गं त्याला," म्हणाली. बापरे, आता त्याचं घर झाडावं लागणार.

संध्याकाळी सुई आली होती. धाकट्यानं तिच्यासाठी नवा चष्मा केलाय. स्वतः काचा घासून, घरी आणून दिला. "घ्या. लावून बघा. तुम्हाला लांबचं नीट दिसतंय का?" असं अगदी अदबीनं विचारलं. घेतलं पोरानं माझं बोलणं मनावर! सुईनं चष्मा लावला, त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "दिसतंय. आता सगळं स्पष्ट दिसतंय. आभारी आहे तुमची." आणि चहा न घेता गेली. चष्म्याचा नंबर बहुतेक बसला नसावा.

२० मार्च, शुक्रवार

वाईट दिवस.

सुईचा निरोप आला, हाताशी फार काम आहे, रविवारी जमणार नाही, पडदे दुसरीकडून घ्या. मैत्री म्हणजे अशी असते का? ऐन सामन्यात मैदान सोडून जायचं?

आणि संध्याकाळी धाकटा म्हणाला, "ताई, जावंच म्हणतो."

मी फडक्यानं टेबल पुसत होते. पुसतच राहिले. म्हटलं, "वरची खोली अजून व्हायचीय. ती बघ, मग ठरव."

"खोलीचं काय ताई," तो म्हणाला. एवढंच म्हणाला.

मला कळेना. मी इतकं करतेय, घर इतकं उजळलंय आणि हा रोज थोडा थोडा विझतोय. उद्या पहाटे उठून वरच्या खोलीच्या भिंती रंगवायला घेते.

२२ मार्च, रविवार

पावशेर आणि मी मिळून पांढरा रंग दिला. माझ्या केसांना, पावशेरच्या पोटाला आणि मधूनमधून भिंतीला. खोली इतकी सुंदर दिसतेय म्हणून सांगू! सकाळी एका खिडकीतून ऊन येतं, दुपारी दुसरीतून. जमीन घासली तर खालून लाल फरशी निघाली. आम्हाला वाटायचं ती काळी आहे.

धाकट्याला हाताला धरून वर नेलं. "ही तुझी," म्हटलं.

तो मधोमध उभा राहिला. खिडकीपाशी गेला, चौकटीवर हात ठेवला, जिथे पोपटाच्या दिवशी सुई बसली होती तिथे. मग म्हणाला, "फार छान झालीय ताई. पडदे राहिले फक्त."

"सुई येत नाही. मी तयार आणते बाजारातून."

"नको," तो एकदम म्हणाला. "तयार नकोत." आणि थोड्या वेळानं, "ताई, माळ्यावर वडिलांची मोठी ट्रंक आहे ना? ती काढून दे. सामान भरायला लागेल."

मी बरं म्हटलं आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. रडताना कुणाला दिसलेलं मला चालत नाही. भिंतींना रंग दिला, फरशी लाल केली, तरी जातोय. अजून काय करू? आता घासायला काही उरलंच नाही.

२४ मार्च, मंगळवार

आज मावशीकडे गेले. बेकरीच्या मागे आमच्या सायकली ओळीनं उभ्या होत्या, तिकडे बघितलंच नाही. मावशीला सगळं सांगितलं. म्हटलं, "मावशी, मी कुठे कमी पडले गं?"

ती पाव बुडवून चहा पीत होती. तो पाव सावकाश संपवला आणि म्हणाली, "तू कमी नाही पडलीस, तू जास्त पडलीस. त्या पोराला पाण्याची बाटली कुणी नेऊन दिली?"

"मी. त्याला तहान लागली होती."

"त्याला कसली तहान लागली होती ते तुझ्याखेरीज सगळ्या गल्लीला कळलं. पावशेरला कळलं, आणि पावशेरला काही कळत नाही."

मग एकेक डोळ्यांसमोरून जायला लागलं. इस्त्रीचा शर्ट. खिडकीचं माप. बाटली. आणि "तुला". अगंबाई! तो तिला "तू" म्हणण्यापर्यंत आला होता, केवढ्या हिमतीनं आला असेल, आणि मी त्याला कान धरून पुन्हा "तुम्ही"वर नेऊन ठेवलं! आणि तिला काय वाटलं असेल? काल तू, आज तुम्ही. तिला वाटलं असणार, ह्यानं विचार बदलला.

"मग तू आधी का नाही बोललीस?" मी मावशीवर ओरडले.

"बोलले की. तू म्हणालीस, मावशीला काहीतरीच सुचतं."

हे मी वहीत लिहिलं होतं. मोठ्यानंही म्हटलं होतं की काय कोण जाणे.

२६ मार्च, गुरुवार

दोन दिवस विचार करतेय. धाकट्याला थेट विचारलं तर तो "छे, काहीतरीच" म्हणेल. सुईला विचारलं तर ती मलाच टोचेल. दोघंही एक नंबरचे घुमे. महिना संपत आला.

आणि खरं सांगायचं तर माझ्या मनात पाल चुकचुकतेय. समजा त्यांचं जुळलं. सुई कुणाच्या घरात राहायला येणारी बाई नाही. तिची ती खोली, तिचं मशीन, तिचा तो दिवसा जळणारा दिवा. मग हा तिच्याकडे जाईल. म्हणजे टेबलाशी मी एकटी ती एकटीच. सगळी खटपट करायची आणि शेवटी फळ तेच. मग कशाला बोला? जाऊ दे त्याला, मोठ्या दुकानाचा साहेब होईल, सुट्टीत येईल.

असं चक्क मनात आलं माझ्या. आलं ते लिहिते, लपवत नाही.

पण तो पोपटाचा आवाज काढत होता ना, तसा तो लहानपणी काढायचा. आईवडील गेल्यावर थांबला होता. मी विसरूनच गेले होते की याला असला आवाज येतो.

नाही. जुळवायचंच. परवा शनिवार.

२८ मार्च, शनिवार

आजचं आजच लिहायला हवं.

सकाळी सुईला गाठलं. म्हटलं, "बाकी काही करू नकोस, पण माळ्यावर आईची जुनी पडद्याची कापडं आहेत, ती वापरण्यासारखी आहेत का तेवढं सांग. कापडातलं मला काय कळतं?" कापडाचं नाव काढलं की तिला नाही म्हणवत नाही. दुपारी आली. मावशी आणि पावशेरही आले. त्यांना मी बोलावलं नव्हतं, पण असला सामना ते सोडतील होय?

आमचा माळा वरच्या खोलीच्या डोक्यावर आहे. छताला चौकोनी भोक, त्याला शिडी लावायची. धाकट्याला म्हटलं, "चल, ट्रंक हवी होती ना? तू चढ आणि काढ." तो चढला. मग सुईला म्हटलं, "तूही जा, कापडं बघ." ती म्हणाली, "त्यांना खाली येऊ दे आधी." मी म्हटलं, "उजेड कमी आहे, बॅटरी धरायला माणूस लागेल." ती नाइलाजानं चढली. तिचा पाय शेवटच्या पायरीवरून वर गेला आणि मी शिडी काढून घेतली.

"ताई?" वरून आवाज. "शिडी कुठाय?"

"धुवायला काढलीय. फार घाण झालीय."

"शिडी?"

"हो. सगळं घर धुतलं, शिडीनंच काय घोडं मारलंय?"

सुईचं डोकं भोकातून डोकावलं. नवा चष्मा नाकाच्या टोकावर. "बाई, हा काय पोरखेळ आहे! शिडी लावा!"

मी कंबरेवर हात ठेवून उभी राहिले. "एक सांगते, नीट ऐका दोघंही," म्हटलं. "तुम्ही बडबड करता म्हणून मी तुम्हाला वेगळं बसवलं. चूक माझी होती. आता बोला. काय हवं ते, हवं तितकं बोला. आणि धाकट्या, तुला मी त्या दिवशी दटावलं ते मागे घेतलं. तिला तू म्हण. मी परवानगी देते."

डोकं आत गेलं. पावशेर आणि मी खाली रंगाच्या डब्यांवर आणि मावशी खुर्चीत. मावशीला वर कसं आणलं विचारू नका, पावशेरला विचारा, तो अजून कंबर धरून आहे. पावशेरनं गरम पाव आणला होता. मी एक घासही खाल्ला नाही. वरून काहीच आवाज येईना. पावशेर कुजबुजला, "भांडत असतील तर बरं. गप्प असतील तर कठीण." मावशीनं त्याला चापट मारली.

मग सुईचा आवाज आला. काय बोलली ते कळलं नाही, पण टोचून बोलत होती, अगदी तिच्या नेहमीच्या धारेनं. धाकटा मधे मधे "अगं पण" एवढंच म्हणत होता. अगं! मी मावशीचा हात घट्ट धरला. मग तो खूप वेळ बोलला. इतकं बोलताना त्याला मी कधी ऐकलं नव्हतं. आणि मग ट्रंकेचं झाकण धाडकन आपटलं आणि दोघंही जे हसायला लागले ते थांबेनातच. माळ्यावरची धूळ आमच्या डोक्यावर पडत होती, नव्यानं घासलेल्या लाल फरशीवर पडत होती. मी पुसायला उठले नाही.

शेवटी धाकट्याचं डोकं दिसलं. केसात कोळिष्टकं.

"ताई, शिडी लावतेस का? मालकांना फोन करायचाय. फोन खाली राहिलाय."

"काय सांगणार त्यांना?"

"येत नाही म्हणून."

मी शिडी लावली. लावताना उलटी लावली, पावशेरनं सरळ केली. धाकटा खाली आला आणि मी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, लहानपणी घालायचे तसा, आणि मग त्याला मिठीच मारली. सगळ्यांच्या देखत रडले. दिसलं तर दिसलं.

मागून सुई उतरली, हातात कापडं. "ही कुजलीत बाई," म्हणाली. "तुम्ही मला कुजलेली कापडं बघायला वर चढवलंत."

"तू म्हण गं मला," मी म्हटलं.

"ते जमायचं नाही, बाई," ती म्हणाली. पण बोलताना तिचा आवाज सुईसारखा नव्हता.

३० मार्च, सोमवार

आज स्वतःच विषय काढला. तो मनात घोळवत बसण्यापेक्षा एकदाच काय तो धक्का बसू दे. जेवताना म्हटलं, "तुझं सामान सुईकडे कधी हलवायचं? ट्रंक तर काढलेलीच आहे. पावशेरची गाडी सांगू का?"

धाकट्यानं हातातला घास खाली ठेवला. "तिच्या खोलीत मशीन ठेवलं की माणूस उभा राहायला जागा नाही ताई. तुला मला हाकलायची एवढी घाई झालीय?"

"मला कसली घाई," मी म्हटलं आणि वाढण्याच्या निमित्तानं पाठ फिरवली.

"ती उद्या तुला काहीतरी विचारायला येणार आहे. घाबरलीय. तू नाही म्हणशील असं वाटतंय तिला."

सुई घाबरलीय! माझ्या हातातला चमचा पडला.

३१ मार्च, मंगळवार

सुई आली. बसली नाही, दारातच उभी राहून पाठ केल्यासारखं म्हणाली, "बाई, तुमची ती वरची खोली. दोन्हीकडून उजेड आहे. मला आयुष्यात कधी दिवा न लावता शिवता आलेलं नाही. तिथे माझं मशीन ठेवलं तर चालेल? मला ठाऊक आहे, तुम्ही घर किती मेहनतीनं रिकामं केलंत ते. आणि मशीन एकटं येत नाही. मीही येईन."

एवढं मोठं भाषण तिनं कधी केलं नव्हतं. मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. पाव द्यायला आलेला पावशेर म्हणतो मी शिट्टी वाजवली. तो काय, काहीही सांगतो.

५ एप्रिल, रविवार

आज सुईचं सामान आलं. एका खोलीत इतकं मावतं कसं, हा शास्त्रज्ञांनी अभ्यासावा असा प्रश्न आहे. मशीन. दुसरं मशीन. बिनडोक्याचा कपडे घालायचा पुतळा, त्याला पावशेरनं खांद्यावर घेऊन जिना चढवला आणि वाटेत त्याची माफी मागितली. चिंध्यांची पोती. बटणांचे डबे, रिळांचे डबे, रिकामे डबे "लागतील म्हणून". गोधड्यांना लागतील असे तुकडे, पिशव्यांना लागतील असे तुकडे, कशालाच न लागणारे पण फेकवत नाहीत असे तुकडे. वर्षभरात हात न लागलेल्या वस्तूंची मिरवणूक माझ्या दारातून आत चालली होती आणि मी जिन्याच्या पायथ्याशी उभी राहून ती बघत होते. अंगण भरलं, पडवी भरली, जिना भरला. लाल फरशी तर पुन्हा दिसेनाशीच झाली. मावशी खुर्चीतून म्हणाली, "केवढी मेहनत केलीस गं बाई, जागा करायला."

टेबलाशी तिसरी खुर्ची लागणार म्हणून धाकटा शेजाऱ्यांकडे एक मागायला गेला होता. सुई एक भलंमोठं पोतं छातीशी धरून माझ्यासमोर येऊन थांबली. घामानं चष्मा घसरलेला, केस विस्कटलेले, आणि तोंडावर भीती, अगदी संघात नव्यानं आलेल्या मुलीची असते तशी.

"बाई, हे कुठे ठेवू?"

वस्तूची जागा कुठली, हे मी आयुष्यभर लोकांना सांगत आले. चेंडू कुठे, दोऱ्या कुठे, कुणी कुठे उभं राहायचं. आताही तोंड उघडलं, बोटही उचललं.

"कुठेही ठेव गं," मी म्हटलं. "घर तुझंच आहे."